‘आज तुझा गंधार जरा चढला होता’

कार्यक्रम आटोपून आम्ही नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून निघालो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. गाडीत तिघं. तो चालवत होता, ती शेजारी, आणि मागे मी. एका बाजूला माझी पेटी, दुसऱ्या बाजूला त्याच्या तबल्याची बॅग, आणि मांडीवर तिला मिळालेली शाल, कारण ती ठेवायला दुसरी जागाच नव्हती. तो तबलजी, ती गायिका, लग्नाला वीस वर्षं झालेली. मी पेटीची साथ करतो. साथीदाराला मंचावर जेवढं कळतं त्याच्या दुप्पट परतीच्या गाडीत कळतं.

त्या रात्री ती बागेश्री फार सुंदर गायली होती. विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, संपल्यावर क्षणभर कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही, एवढी माणसं आत गेली होती. शंकरनगर चौकातला सिग्नल लागेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मग त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“काय काका, गंधार चढला होता न आज हिचा?”

गंधार म्हणजे ग हा स्वर, आणि चढला म्हणजे हवा त्याहून वर लागला. बागेश्रीतल्या गंधाराचं पेटीवाल्याला विचारू नये. पेटीची पट्टी जिथे आहे तिथेच असते, गळ्याला केसभर इकडेतिकडे व्हायची मुभा असते. तसंच काहीतरी मी पुटपुटलो.

“असेल,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“आणि द्रुतात तू घाई करून राहिली होती.”

द्रुतात, म्हणजे जलद लयीच्या भागात, लय वाढवली होती ती त्यानं. मी दोन हातांवर बसलो होतो, मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. माटे चौकापर्यंत मग शालीची घडी नीट करण्याखेरीज मला काही काम उरलं नाही.

गंधार खरंच किंचित चढला असेल. मला तसं वाटलं नाही, पण तो कानाचा पक्का माणूस आहे, त्याला वाटलं असेल. गोम तिथेच आहे. कलावंताच्या घरात जळफळाट जळफळाटाच्या रूपात येतच नाही. तो सूर, लय, रियाज, शिस्त असे चांगले कपडे घालून येतो. ‘मला तुझं कौतुक सहन होत नाही’ असं कोणी म्हणत नाही. ‘तुझा गंधार चढला होता’ असं म्हणतं. आणि संगीतात टीकेला एवढा मान आहे की त्या वाक्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. ज्याला टोचलं त्याचीही नाही.

आता हे सगळं नेमकं असतं काय, ते जरा सोडवून बघू.

आपल्याकडे यासाठी शब्द भरपूर आहेत आणि आपण ते एकाच डब्यात कोंबतो. हेवा म्हणजे तुझ्याकडे आहे ते मलाही हवं. त्यात फार विष नाही. हेव्यापोटी लोक पहाटे उठून रियाज करतात. मत्सर म्हणजे तुझ्याकडे ते आहेच कशाला. मला मिळालं नाही तरी चालेल, पण तुझ्याकडे नको. संशय वेगळा. हेवा आणि मत्सर दोघांत होतात, संशयाला तिसरा माणूस लागतो: तो सहगायक, ते गुरुजी, ती सतारवाली. आणि चौथा शब्द असूया. अमरकोशात तिचा अर्थ दिला आहे तो गुणांवरही दोष लादणं असा. दोषांवर बोट ठेवणं नव्हे, गुणांवर. ती दमसास घेऊन लांब आलाप घेते, हा गुण. त्याला ‘किती रेंगाळते’ म्हणायचं. तो लोकांशी हसूनखेळून बोलतो, हा गुण. त्याला ‘थिल्लरपणा’ म्हणायचं. मराठीत आपण असूया हा शब्द नुसता मत्सराचा भारदस्त पर्याय म्हणून वापरतो, पण त्याचा जुना अर्थ या विषयाला अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो.

दुसरी एक गोष्ट आपल्याच घरातली. भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव मोजले आहेत, त्यांनाच संचारी म्हणतात. म्हणजे येऊन जाणारे. असूया त्यांतला एक. राग, प्रेम, शोक यांच्यासारखी ती स्थायी नाही. एखाद्या संध्याकाळी बायकोला उभं राहून टाळ्या मिळाल्या आणि आपल्या पोटात काहीतरी हललं, तर तो संचारी भाव आहे, आला, गेला. तेवढ्यानं कुणी वाईट माणूस ठरत नाही. घर मोडतं ते संचारी स्थायी होऊन बसतो तेव्हा.

पण गवयाच्या घरात तो बसतोच का? बँकेतल्या दोघांचं लग्न झालं तर एवढी धग का नसते? (असतेही म्हणा, प्रमोशनच्या वेळी बघा.)

यावर अमेरिकेतल्या अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात एक मांडणी केली, ती मला सगळ्यांत पटते. त्याचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या यशानं आपल्याला अभिमान वाटेल की चटका बसेल, हे तीन गोष्टी मिळून ठरवतात. तो माणूस आपल्या किती जवळचा आहे. त्याचं यश आपण ज्यावर स्वतःला मोजतो त्याच क्षेत्रातलं आहे का. आणि तो आपल्यापेक्षा सरस ठरला का. समजा माझ्या बायकोला पाककलेत बक्षीस मिळालं. ती जवळची, ती सरस, पण मी स्वतःला स्वयंपाकावर मोजत नाही. मी मोहल्लाभर सांगत फिरेन. परक्या गावच्या पेटीवादकाला मोठा पुरस्कार मिळाला, तर क्षेत्र माझंच, पण माणूस लांबचा. एक सुस्कारा टाकीन आणि जेवायला बसेन. तिन्ही गोष्टी एकाच माणसात, तेही एकाच छपराखाली आल्या की चटका बसतो. दोन कलावंतांच्या लग्नात त्या तिन्ही हजर असतात, अगदी बोहल्यावर चढल्यापासून.

टेसर आणि त्याच्या सहकाऱ्याचा १९८० चा एक प्रयोग आहे. शब्द ओळखायचा खेळ. माणसानं समोरच्याला सूचक शब्द द्यायचे, त्यावरून समोरच्यानं उत्तर ओळखायचं. समोर कधी मित्र, कधी अनोळखी. हा नुसता खेळ आहे असं सांगितलं की लोक मित्राला सोपे शब्द देत, मदत करत. पण यातून तुमची हुशारी कळते असं सांगितलं की गाडं उलटं फिरे. मग मित्राला अनोळखी माणसापेक्षा अवघड शब्द मिळत. यातल्या कुणी बसून ‘मित्राला पाडतो’ असं ठरवलं असेल असं मला वाटत नाही. हात आपोआप तिकडे वळला.

द्रुतात लय वाढली ती अशीच वाढली असेल. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही.

संगीतात आणखी काही गोष्टी आगीत तेल ओततात. एक म्हणजे निकाल जागच्या जागी लागतो. कारकुनाला वर्षाकाठी एकदा शेरा मिळतो, गायकाला दर तानेला. ‘वाह’ कुणाच्या वाटेला गेलं ते मंचावरच्या प्रत्येकाला ऐकू येतं. दुसरं म्हणजे संगीतात श्रेण्या आहेत आणि त्या अक्षरात लिहिलेल्या आहेत. आकाशवाणीची स्वरपरीक्षा दिलेल्या घरांत कोण ‘बी’, कोण ‘बी हाय’, कोण ‘ए’ हे लग्नाच्या तारखेहून पक्कं पाठ असतं, कारण मानधन त्यावर ठरतं. संगीताच्या परीक्षांत एकानं अलंकार केलं आणि दुसरं विशारदला अडकलं, हेही तसंच. आणि आवाज हे तर सर्वांत अडचणीचं वाद्य. सतार कोपऱ्यात ठेवता येते. गळा माणसासोबत जेवायला बसतो. ‘तुझं गाणं आवडलं नाही’ आणि ‘तू आवडत नाहीस’ यांच्यातली भिंत फार पातळ आहे.

मग पाकीट. आपल्या नागपूर-विदर्भात कार्यक्रमाचं मानधन अजून बऱ्याचदा पाकिटातच येतं. नवराबायको दोघं मंचावर असले की आयोजक एकच पाकीट करतो आणि नवऱ्याच्या हातात ठेवतो. त्यात तिचे किती, त्याचे किती, हे कुणी लिहीत नाही. निवेदक म्हणतो, ‘आणि तबल्यावर आहेत त्यांचे यजमान’, की सभागृह हसतं. ते हसू प्रेमळ असतं, पण पंचवीस वर्षं हात दुखेस्तोवर तबल्याचे कायदे (ठरलेल्या रचना) घोटलेल्या माणसाची ओळख ‘यजमान’ एवढीच उरते. त्या रात्री आयोजकांकडे शाल एकच होती. त्याला नारळ दिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं.

पुरुषांचं यात थोडं जास्त बिनसतं का? केट रॅटलिफ आणि शिगेहिरो ओइशी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका आणि नेदरलँड्समधली जोडपी होती. जोडीदाराच्या यशाबद्दल विचार केल्यावर तुम्हाला स्वतःबद्दल कसं वाटतं, असं सरळ विचारलं तर पुरुष ‘काही फरक नाही’ म्हणत. पण आतलं मोजणारी आडवळणाची चाचणी लावली की त्यांचा आत्मसन्मान घसरलेला दिसे. बायकांत तो घसरत नव्हता. तोंडावर नाही आणि पोटात हो, हे वाचून मला फार आश्चर्य वाटलं नाही.

तरी हा निव्वळ पुरुषांचा रोग समजू नये. इथेच नंदनवनकडे एक जोडपं आहे. ती रीतसर शिकलेली, गुरूकडे बारा वर्षं काढलेली, घरी क्लास घेते. तो हौशी, कानावर शिकलेला, पण गोड गळ्याचा. मोबाइलवर टाकलेली त्याची गाणी एकदम चालली आणि दिवाळी पहाटेची आमंत्रणं त्याला यायला लागली. ती त्याच्या समोर विद्यार्थिनींना सांगते, “हे असं गायचं नाही बरं का पोरींनो, हे लोकांना आवडतं, पण याला पाया नाही.” पायाबद्दल ती खोटं बोलत नाही. पण पोरींना हा धडा नेमका तो चहा घ्यायला आत आला की आठवतो.

टीका आणि असूया ओळखायची कशी, हा मग खरा प्रश्न. गुरूही कान पिळतो. गुरुभाऊही म्हणतो, ‘आज जमलं नाही गड्या.’ मी माझ्यापुरत्या काही खुणा ठरवल्या आहेत. टीका कधी येते ते बघावं. कार्यक्रम पडला त्या रात्री येते की रंगला त्या रात्री? रंगलेल्या रात्रीच येत असेल तर ती गाण्याबद्दल नाही. तिसरा माणूस हजर असताना येते का? गाडीत मी नसतो तर गंधाराचा विषय निघाला असता का, याबद्दल मला शंका आहे. तीच चूक परक्या गायिकेनं केली असती तर हा माणूस बोलला असता का? आणि सगळ्यांत साधी खूण, कौतुक कधी तरी येतं का? ज्याला वीस वर्षांत एकदाही ‘आज काय गायलीस’ म्हणावंसं वाटलं नाही, त्याचा कान पक्का असेल, पण तो ऐकायला वेगळ्याच गोष्टीसाठी बसला आहे.

मंचावरही हे दिसतं, जवळ बसलं तर. गायिका विलंबितात स्वर लावून स्थिर झाली की शेजारच्या तबलजीचा हातोडा निघतो आणि तबला ठोकून लावायला सुरुवात होते. तबला उतरतो हे खरं, पण त्याच क्षणी नाही. ती मुखडा घेऊन समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, येत असते आणि हा मध्येच तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) आणून आधी पोचतो; टाळी त्याला पडते, तिची सम हवेत राहते. किंवा याच्या उलट. तिला भरणा, म्हणजे ठेक्यात भर घालणारं वाजवणं, हवा असतो, आणि हा कोरा ठेका धरून बसतो, चेहरा असा की बँकेत रांगेत उभा आहे. यातलं काहीही श्रोत्यांना कळत नाही. तिला मात्र प्रत्येक आवर्तनात कळतं. तीच धास्ती मग गळ्यात उतरते आणि गंधार खरोखर चढायला लागतो. असूयेचं हे गणित बघण्यासारखं आहे. ती आधी चूक शोधते, सापडली नाही तर घडवते, आणि मग म्हणते, ‘बघ, मी सांगितलं होतं.’

मोठ्या नावांच्या घरांतही हे झालं आहे, पण तिथे जपून बोलावं. अन्नपूर्णा देवींचं उदाहरण सगळे देतात. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची मुलगी, सूरबहार या सतारीसारख्या वाद्याची थोर वादक. १९४१ मध्ये रविशंकरांशी लग्न. १९५० च्या दशकात दोघांची सतार-सूरबहार जुगलबंदी. आणि त्यानंतर तिनं लोकांसमोर वाजवणं थांबवलं ते कायमचं. १९८२ मध्ये घटस्फोट. तिच्या बाजूनं सांगितलं जातं की टाळ्या तिला जास्त पडत आणि ते नवऱ्याला खटके. रविशंकरांचं सांगणं वेगळं होतं, तिलाच लोकांसमोर बसायचं नव्हतं असं. दोघंही गेले. एवढं मात्र उरतं की जिच्याकडे निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया शिकले, तिचं स्वतःचं वादन आपल्याला मूठभर जुन्या ध्वनिमुद्रणांतून ऐकावं लागतं. कारण काहीही असो, तोटा कुणाचा झाला ते स्पष्ट आहे.

युरोपात गुस्ताव मालर या संगीतकारानं लग्नाआधीच, डिसेंबर १९०१ मध्ये, होणाऱ्या बायकोला, आल्माला, लांबलचक पत्र लिहून कळवलं की तुला रचना करणं सोडावं लागेल. नवराबायको दोघंही संगीतरचना करायला लागले तर ती चढाओढ हास्यास्पद होईल. तिनं सोडलं. १९१० मध्ये तिचं दुसरीकडे मन गुंतल्याचं कळलं तेव्हा त्यानं तिच्या जुन्या वह्या काढल्या, त्याला त्या आवडल्या, आणि तिची पाच गाणी छापून आणली. आठ वर्षं उशीर. पुढच्याच वर्षी तो वारला.

मला यांच्यापेक्षा जर्मनीतले संगीतकार क्लारा आणि रॉबर्ट शूमान जास्त ओळखीचे वाटतात, कारण त्यांच्यात खलनायक नाही. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा पियानोवादक म्हणून तिचं नाव त्याच्याहून मोठं होतं. दोघांनी मिळून एक रोजनिशी सुरू केली, आलटून पालटून लिहायची. १८४१ मध्ये दोघांच्या गाण्यांचं एक पुस्तकही एकत्र निघालं. रॉबर्टला तिनं रचना करावी असं मनापासून वाटे. पण तो लिहायला बसला की तिला पियानोला हात लावता येत नसे, कारण आवाज घरभर जाई. पुढच्या वर्षी तिच्या दौऱ्यावर तो सोबत गेला, नुसता बायकोचा नवरा म्हणून मागे राहणं त्याला झेपलं नाही, तो हॅम्बर्गहून परत फिरला आणि ती एकटीच कोपनहेगनला गेली. यात कुणी कुणाचा शत्रू नव्हता. दोन रियाज, एक घर, आणि ‘यजमान’ ही ओळख. प्रतापनगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हेच चालतं, फक्त वरच्या मजल्यावरचे काकाही तक्रार करतात.

आता एक रेघ ओढायला हवी, कारण इथवर मी थोडं समजूतदारपणे बोललो. काही गोष्टी समजून घ्यायच्या नसतात. कार्यक्रमाचे फोन परस्पर ‘ती बाहेरगावी आहे’ म्हणून टाळणं, मानधन काढून घेणं, तानपुरा विकून टाकणं, कुणाबरोबर गायचं नाही याची यादी देणं, रियाजाच्या वेळी मुद्दाम पाहुणे बोलावणं, धमकी, हात उचलणं. इथे संगीताचा संबंध संपला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. कमावू न देणं, हक्काचा पैसा वा वस्तू हिरावणं हेही त्यात बसतं. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. हा कायदा बायकांसाठी आहे. पण क्रूरता हे घटस्फोटाचं कारण नवऱ्यालाही मांडता येतं, आणि कुटुंब न्यायालयात आधी समुपदेशक बसतो. संशयाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट माहीत असावी. फोन तपासणं, प्रत्येक सहकलाकाराशी नाव जोडणं, पुरावा उलटा दिला तरी न पटणं, हे कधीकधी स्वभाव नसून आजार असतो. त्याला मनोविकारतज्ज्ञ लागतो, आणि औषधानं फरक पडतो. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. मंत्रतंत्रवाल्याकडे त्याआधी जाऊ नये, नंतरही नाही.

त्या टोकापर्यंत न गेलेल्या घरांचं काय? टेसरच्या मांडणीतच वाटा दिसतात, कारण तीनपैकी एक काही तरी हलवलं की चटका कमी होतो. बहुतेक जण नकळत चुकीचं हलवतात. जवळीक कमी करतात. तिच्या कार्यक्रमाला जाणं सोडतात, मग तिच्याशी बोलणं. किंवा तिचं यश खाली ओढतात. गंधार, घाई, पाया. हलवण्याजोगी असते ती मधली गोष्ट, म्हणजे मी स्वतःला कशावर मोजतो. एकानं गाण्यावर, दुसऱ्यानं शिकवण्यावर. एकानं मंचावर, दुसऱ्यानं चाली बांधण्यावर. एकत्र कार्यक्रम करायचे तर वर्षाला दोन, बाकी ज्याचा त्यानं साथीदार बघावा. पाकिटं दोन घ्यावीत, आणि आयोजकाला हे आधीच सांगावं. तो थोडा गोंधळतो, पण देतो.

दुसरी गोष्ट चांगल्या बातमीची. शेली गेबल या संशोधिकेनं २००६ मध्ये जोडप्यांवर केलेल्या कामात असं दिसलं की वाईट बातमीला जोडीदार कसा धावून येतो यापेक्षा चांगल्या बातमीला तो काय म्हणतो, यावर संसाराचं बरंवाईट जास्त कळतं. पोरगं आजारी पडलं तर कुठलाही नवरा धावतो. ‘अहो, पुण्याहून बोलावणं आलंय’ या वाक्याला तो काय म्हणतो ते बघायचं. ‘कधी? काय गाणार?’ असं विचारतो, की ‘अरे वा’ म्हणून पेपर उलटतो, की ‘तिकीट कोण देणार आहे, ते विचारलंस का?’ म्हणतो, की गॅसचा नंबर लावला का ते विचारतो.

आणि बोलावं लागतं, नाव घेऊन. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे नको ते सगळं घेऊन जाणारा पुतळा, मिरवणुकीनं निघते तेव्हा लोक काय ओरडतात? रोगराई, खासी-खोकला, डास, महागाई, जे जे नको ते नाव घेऊन सांगतात, ‘घेऊन जा गे मारबत!’ नुसतं ‘काहीतरी घेऊन जा’ असं कुणी ओरडत नाही. ‘मला आज तुझ्या टाळ्यांचं वाईट वाटलं’ हे वाक्य फार अवघड आहे. मी स्वतः ते घरी कधी उच्चारलेलं नाही, आणि माझी बायको तर गातही नाही. पण ज्या दोन घरांत ते उच्चारलं गेलं तिथे मी नंतर चहा प्यायलो आहे, आणि हवा वेगळी होती.

गाण्यातच एक नमुना आहे. स्त्री आणि पुरुषाची गायनाची जुगलबंदी अवघड होते, कारण पट्टी जुळत नाही. एकाच सा वर गायचं तर एकाला तळात घरघरावं लागतं किंवा दुसरीला वर ताणावं लागतं. पंडित जसराजांनी यावर जसरंगी नावाची पद्धत रूढ केली. पुरुषाचा मध्यम (म) तो स्त्रीचा षड्ज (सा). त्याचा सा पेटीवरची काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, असेल तर तिचा काळी तीन. दोघं वेगवेगळे राग गातात आणि तरी स्वर तेच राहतात. तो अभोगी गातो; अभोगीचे स्वर त्याच्या मध्यमापासून मोजले की कलावती होतो, तो ती गाते. पेटीवर वाजवून बघा, पाचही पट्ट्या त्याच निघतात. कुणीही आपली पट्टी सोडलेली नसते. ऐकायला सोपं वाटतं, पण गाताना दुसऱ्याचा सा सतत कानात असून आपला सा हलू द्यायचा नाही, हे भल्याभल्यांना जमत नाही.

त्या दोघांचं पुढे काय झालं, ते राहिलं. जसरंगी वगैरे काही झालं नाही, तो तबलजी आहे. दीडेक वर्ष बोलणं जेमतेम होतं. मग त्यांच्या मुलीनं, बारावीतल्या, एक दिवस दोघांना सांगितलं की तुम्ही कार्यक्रमाहून आलात की मला झोपल्याचं सोंग करावं लागतं. त्यानंतर त्यांनी एक नियम केला. गाण्याबद्दल जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर. गाडीत नाही, तिसऱ्यासमोर नाही. आणि तिनं तबल्याला दुसरा मुलगा घेतला. सुरुवातीला नवरा यावरून महिनाभर धुमसला. आता तो स्वतः एकल वादनाची तयारी करतो आहे. नियम कधी पाळला जातो, कधी मोडतो.

परवा तिचा कार्यक्रम होता, तो गेला नव्हता. रात्री अकराला मी घरी पोचून पेटी खाली ठेवतो न ठेवतो तोच त्याचा फोन.

“काका, पोचले का? कसं झालं?”

“झालं चांगलं.”

“बागेश्री?”

“हो.”

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती पोचली होती, तिथेच स्वयंपाकघरात होती.

“आणि गंधार?” त्यानं आवाज उतरवून विचारलं.

“ते तिलाच विचारा.”

“सकाळी विचारीन,” तो म्हणाला. “आत्ता जेवून राहिली आहे ती.”